तात्या आणि तक्ता तीन

दुपारी एकच्या सुमाराला परळमध्ये जेवायला रिकामं टेबल मिळवायचं असेल, तर एकतर मालकाशी सोयरीक हवी, नाहीतर अंगाला बोकडाचा वास हवा. सुमेधा गमरेकडे दुसरी सोय होती. हेरंबकाकांच्या खाणावळीत टॉवरमधली आणि इस्पितळांतली माणसं खुर्च्यांच्या पाठी धरून ताटकळत उभी असायची, आणि ही आत आली की पंख्याखालचं कोपऱ्यातलं टेबल आपोआप मोकळं व्हायचं. कुणी तोंडावर काही बोलायचं नाही. कुणाला एकदम फोन यायचा, कुणाला हात धुवायचे आठवायचे.

दोष तिचा नव्हता, तात्याचा होता. तात्या म्हणजे परळच्या पशुवैद्यक कॉलेजातला उस्मानाबादी बोकड. काळाकुळकुळीत, लांब कानांचा, दाढीवाला. ती दाढी तो कशानं भिजवतो हे जेवणाच्या टेबलावर सांगण्यासारखं नाही. सुमेधा तिथे पीएच.डी. करत होती. शेळ्यांना काय खायला घातलं म्हणजे त्या वेळेवर माजावर येतात, आणि त्यात बोकडाच्या वासाचा हात किती, हा तिचा विषय. त्यासाठी तात्याच्या शिंगांमागे फडकं घासायचं आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवायचं, हे काम ती स्वतः करायची. बेसन, लिंबू, महागातले शाम्पू, सगळं करून झालं होतं. वास सुट्टीवर जायचा आणि परत कामावर रुजू व्हायचा.

त्या दिवशी गणपती होऊन गेले होते, लालबागची गर्दी ओसरली होती, पण पावसाची रिपरिप काही हटत नव्हती. ओल्या हवेत तात्या जरा जास्तच खुलतो. सुमेधा आपल्या ऐसपैस टेबलावर भाताला हात लावणार, तोच—

"इथे बसू का?"

तिने वर पाहिलं. तिशीचा मुलगा, ओले केस, गळ्यात ऑफिसचं कार्ड. बसेल आणि उठेल, ती मनात म्हणाली. तो बसला, पण उठला नाही. उलट त्याने डोळे मिटले आणि नाक जरासं वर केलं.

"बोकड," तो म्हणाला.

सुमेधाचा घास हातातच राहिला.

"सॉरी... म्हणजे तुम्ही नाही. तुमचा वास."

"ह्याने फार फरक पडला असं वाटत नाही."

"नाही, ऐका ना. खाली बोकड आहे, जाड, मेणचट. पण वरती... वरती बारीक लिंबू आहे. संत्र्याची साल सोलल्यासारखं. हे मी आजवर फक्त बाटलीत हुंगलंय. जिवंत माणसाच्या अंगावर पहिल्यांदाच."

सुमेधाच्या वासाबद्दल आजवर पुष्कळांनी पुष्कळ बोलून घेतलं होतं. आईने, मैत्रिणींनी, शेअर टॅक्सीवाल्यांनी. पण त्यातलं लिंबू कुणालाच कळलं नव्हतं. ते फक्त तिला ठाऊक होतं, आणि सांगावं असं कुणी भेटलं नव्हतं.

त्याचं नाव अनिश वरळीकर. समोरच्या टॉवरमध्ये एका फ्लेवर बनवणाऱ्या कंपनीत तो केमिस्ट होता. वेफर्सवर भुरभुरवायचा मटण सुक्क्याचा स्वाद बनवायचं काम त्याच्याकडे होतं आणि ते काही जमत नव्हतं.

"खाणारे म्हणतात, मसाला आहे, पण मटण कुठाय? मी तेच शोधतोय कधीपासून. ते तुमच्या ओढणीत आहे."

"बरं, मग?"

"मग... एकदा जरा जवळून घेऊ का? वास?"

आजूबाजूचे चमचे थांबले. सुमेधाने क्षणभर विचार केला आणि ओढणीचं टोक टेबलावरून पुढे केलं. "टोकच. आणि सोलकढीत बुडवू नका."

त्याने ते टोक दोन बोटांत धरलं आणि असं हुंगलं, जसं लोक मोगऱ्याचा गजरा हुंगतात. सुमेधाला उगाचच ऊन लागल्यासारखं झालं. हेरंबकाका लांबूनच म्हणाले, "ताई, ह्यांचं ताट इथेच लावू ना?"

"लावा," ती म्हणाली.

मग त्याचं ताट तिथेच लागत गेलं. एका दुपारी तो तात्याला बघायला गोठ्यावरही आला. तात्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत हुंगलं आणि वरचा ओठ उलटा करून दात दाखवले.

"हसतोय?" अनिशने विचारलं.

"तपासतोय. तुम्ही बोकड आहात की नाही ते."

"मग काय ठरलं?"

"अजून पुरावा कमी आहे म्हणतोय."

अनिश वरळी कोळीवाड्यातला. आईचा सुक्या मासळीचा धंदा. "पावसाळ्यात आमचं अख्खं घर जवळ्याचं असायचं," त्याने सांगितलं. "दप्तर, युनिफॉर्म, सगळं. शाळेत मला एकट्याला पूर्ण बाक मिळायचा. मी घरी सांगायचो, बाई माझ्यावर खूश आहेत म्हणून वेगळं बसवतात."

तो हसत सांगत होता. सुमेधा हसली नाही. आपल्या त्या रिकाम्या टेबलाचा तिला केवढा अभिमान होता आणि केवढं वाईट वाटत होतं, हे तिला एकदम कळलं. त्या दिवसापासून ती त्याला अरे-तुरे करायला लागली. तोही. तो आपल्या ताटातली सुरमई अर्धी करून तिच्या ताटात सरकवायचा, मांदेलीचे काटे काढून द्यायचा. सकाळी तिचा फोन वाजायचा तो त्याच्या मेसेजनेच. "तात्या काय म्हणतो?" ती लिहायची, "तुझी चौकशी करत होता." तात्या बिचारा असलं काही करत नव्हता, पण त्याच्या नावावर खूप काही खपून जायचं.

एके संध्याकाळी कोळीवाड्याच्या धक्क्यावर दोघं बसले असताना अनिश म्हणाला, "तुझा पेपर सापडला मला. नेटवर. वाचला."

सुमेधा वळून त्याच्याकडे बघायला लागली. बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. तीन वर्षं शेळ्यांचं वजन केलं, रक्त काढलं, चारा तोलला, त्यातून तो एक पेपर छापून आला. तो गाइडने वाचला तो घाईत, परीक्षकांनी वाचला तो नाइलाजाने. बाबांनी त्याचं पहिलं पान लॅमिनेट करून घरात लावलं होतं आणि आल्यागेल्याला दाखवायचे, पण दुसऱ्या पानावर तेही गेले नव्हते.

"पूर्ण वाचलास?"

"...हो."

हा जो छोटासा थांबा होता, तो सुमेधाने ऐकायला हवा होता. नाही ऐकला. प्रेमात पडलेली माणसं नेमकी अशाच वेळी समुद्राचा आवाज ऐकत बसतात.

"ते भारी होतं," तो म्हणाला. "रोज समोर असलेला बोकड शेळ्यांना दिसेनासा होतो म्हणे?"

"असून नसल्यासारखा. म्हणून आधी तीन आठवडे लांब न्यायचा. दिसता कामा नये, आवाज नको, वास नको. मग एकदम आणून उभा करायचा. शेळ्या लगेच माना वर करतात."

अनिशने तिच्याकडे पाहिलं. लाटेचं पाणी पायांशी येऊन गेलं. तो काहीतरी बोलणार आहे, हे तिला स्वच्छ दिसत होतं. कितीतरी दिवस तो बोलणार होता आणि तिच्याकडे उत्तर तयार होतं.

"अच्छा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला.

फोन वाजत राहिला, उचलला गेला नाही. मेसेजवर निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. पहिल्यांदा तिला काळजी वाटली, मग राग आला. मग तो कंपनीच्या दारातून धडधाकट बाहेर पडताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि तिला पाहताच पावभाजीच्या गाडीमागे लपताना पण पाहिला. त्यानंतर वाटलं ते नुसतं वाईट होतं, त्याला दुसरं नाव नाही.

खाणावळीतलं टेबल पुन्हा रिकामं मिळू लागलं. हेरंबकाकांनी एकदा विचारलं, "पाव्हणे खंय गेले?" तिने नुसती मान हलवली. त्या दिवशी काकांनी तिच्या ताटात न मागता एक तुकडी जास्त घातली. ती तिने तशीच ठेवली.

आणि नेमकं ह्याच वेळी स्थळ आलं. मुलाचं नाव हर्षवर्धन, दादरला राहणारा, विमा कंपनीत अधिकारी. मुलगा चांगला होता, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण अशा गोष्टींत दुसरा मुलगा नेहमी वाईट निघतो. हा नम्र होता, आईबाबांना वाकून नमस्कार केला, चहाचा कप स्वतः उचलून आत नेऊन ठेवला. राहती चाळ पाडायला काढल्यापासून गमरे मंडळी नायगावातच भाड्याच्या खोलीत राहत होती. त्या खोलीबाहेरच्या गॅलरीत दोघांना बोलायला सोडलं, तेव्हा तो जरा घुटमळला.

"विचारू का? तो वास... धुतल्यावर जातो का?"

"नाही," सुमेधा म्हणाली.

"म्हणजे राग मानू नका. पण लग्नानंतर विषय बदलता येईल ना? प्राणीच हवे असतील तर... कोंबड्या वगैरे?"

त्याच्या घरून होकार आला, तो तेवढ्या एका अटीवर. आपलं उत्तर रविवारपर्यंत द्यायचं ठरलं.

"सुमे, वाईट काय आहे त्यात?" आई, कौसल्याबाई, रोज विचारायच्या. "कोंबड्यापण देवाघरच्याच."

"आई, आपल्यात देव कुठून आला मधेच?"

"विषय बदलू नकोस."

"तोच तर बदलायला सांगताय सगळे."

पण शुक्रवारी संध्याकाळी तिने लायब्ररीतून कोंबडीखाद्यावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि पहिलं प्रकरण वाचलंही. माणूस किती दुखावला आहे हे मोजायला ह्याहून चांगलं माप मला माहीत नाही.

शनिवारी दुपारी ती खाणावळीत बसली होती. समोर ताट होतं, आणि दारातून तात्या आत आला.

म्हणजे वास आला. आधी तिला वाटलं आपलाच. पण हा वाऱ्याबरोबर येत होता, ताजा, सणसणीत, भर हंगामातला. तात्या तर गोठ्यात बांधलेला, तीच बांधून आली होती. दारापासून एकेक टेबल उठायला लागलं. एका नर्सने नाकाला रुमाल लावला, दोन बँकवाले ताटं घेऊन रस्त्यावर गेले. त्या उठलेल्या माणसांच्या मधून, इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून, अनिश वरळीकर सरळ तिच्या टेबलाशी आला आणि उभा राहिला. नुसता उभा.

"अरे मेल्या," काऊंटरवरून हेरंबकाका ओरडले, "माझो धंदो बुडवतलंस काय?"

सुमेधाने त्याच्याकडे पाहिलं. कॉलर चकाकत होती. "काय लावलंयस?"

"मीच बनवलंय. लॅबमध्ये. थोडं जास्त सांडलं, पण... लिंबूसुद्धा आहे बघ त्यात."

"आणि इतके दिवस कुठे होतास?"

"लांब." तो अगदी आज्ञाधारकपणे म्हणाला. "दिसायचं नाही, आवाज नाही, वास नाही. तीन आठवडे. मग एकदम."

खाणावळीत आता ते दोघं आणि हेरंबकाका एवढेच उरले होते. सुमेधाच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. आधी तिचे डोळे मोठे झाले, मग कान तापले.

"अनिश. तू माझ्यावर माझा पेपर वापरलास?"

"छापून आलेली पद्धत आहे म्हणून—"

"मी शेळी आहे?"

"नाही! म्हणजे... पद्धत चांगली वाटली."

"तक्ता तीन वाचलास?"

"तक्ता?"

"म्हणजे पूर्ण वाचला नाहीस."

त्याने मान खाली घातली. "पहिलं पान वाचलं. पुढचं उघडत नव्हतं, पैसे मागत होतं."

"माझ्याकडे मागायचास ना. जगातला कुठलाही संशोधक आपला पेपर फुकट देतो, वर चहा पाजतो." तिचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "शेळ्यांचे दोन गट होते. एकाला महिनाभर आधीपासून खुराक, हिरवा चारा, धान्य, सगळं. दुसऱ्याला नुसतं वाळलेलं गवत. दोन्हीकडे आणला तो हाच तात्या, हाच वास, असाच एकदम. पहिल्या गटाने माना वर केल्या. दुसऱ्या गटाने... बघितलं पण नाही. तात्या येड्यासारखा उभा होता मधोमध. अख्खा पेपर त्याच्यावर आहे, अनिश. लांब जाण्यावर नाहीये. आधी पोटभर मिळालं असेल, तरच त्या येण्याला अर्थ आहे." ती थांबली. "तू मला तीन आठवडे उपाशी ठेवलंस. आणि वर पावभाजीच्या गाडीमागे लपलास."

अनिशने समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"उद्या मला एका स्थळाला उत्तर द्यायचंय," ती म्हणाली. "मुलगा चांगला आहे. फक्त त्याला तात्या नकोय."

हे ऐकून तो इतका पांढरा पडला की तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. शर्ट खांद्यावरून लोंबत होता, पट्ट्याला नवं भोक पाडलेलं होतं.

"वाळलायस का?"

"जेवण जात नव्हतं."

"माजावर आलेला बोकड चारा सोडतो. हेही पेपरात आहे, पुढच्या पानांवर." तिने फोन काढला आणि दोन ठिकाणी बोट दाबलं. त्याच्या खिशात टुणकन वाजलं. "पूर्ण पाठवलाय. आधी वाच. मग काय बोलायचं ते बोल."

ती निघून गेली. रस्ता ओलांडेपर्यंत तिने हसू दाबून धरलं होतं, आणि ओलांडल्यावर तिला रडू आलं. दोन्ही खरी होती.

रविवारी सकाळी तिने घरात सांगून टाकलं. "हर्षवर्धनना नाही कळवा. मला कोंबड्या नकोत."

"दुसरा कुणी आहे का?" आईने विचारलं.

"आहे की नाही ते माहीत नाही. पण कोंबड्या नकोतच."

शामरावांनी, म्हणजे बाबांनी, फोन लावला आणि हळू आवाजात दोनतीन वाक्यांत संपवला. कौसल्याबाई कोथिंबीर निवडत बसल्या. देठ आणि पानं एकाच भांड्यात पडत होती. मुलीचं वय, मुलीचा वास, मुलीचा हट्ट, कशाकशाची काळजी करायची हे त्या बाईला सुचत नव्हतं.

तेवढ्यात खोलीत वास शिरला.

"सुमे, पुन्हा अंघोळ कर गं बाई."

"आई, मी केलीये."

दारात अनिश उभा होता. हातात मोठा स्टीलचा डबा, डोळे तांबारलेले, शर्ट दुसरा, वास तोच. कौसल्याबाई उठून पुढे आल्या. त्यांनी एकदा मुलीला हुंगलं, एकदा ह्या परक्या मुलाला. मग पुन्हा मुलीला.

"हा वास तुमचा?"

"हो, काकू."

"धुतल्यावर जातो का?"

"नाही जात. कालपासून घासतोय." तो खरं बोलायचं ठरवूनच आला होता. "आईने घरात घेतलं नाही. सुक्या बोंबलांच्या घरात राहते ती, तरी म्हणाली, बाहेर झोप. होडीत झोपलो. तिथेच पेपर वाचला. आणि सकाळी तिने हा डबा दिला. म्हणाली, जिच्यासाठी हे सोंग केलंस, तिला आधी खायला घाल."

शामरावांनी चष्मा वर केला. त्यांच्यामागे भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्या शेजारी ते लॅमिनेट केलेलं पहिलं पान. "नाव काय तुमचं?"

"अनिश वरळीकर. कोळीवाड्यातला."

"आम्ही कोण, ते तुमच्या आईंना ठाऊक आहे?"

"सांगितलं मी. तिने एकच विचारलं, मासे खातात ना?"

शामराव त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्यांना भेटायला लागेल एकदा," आणि चष्मा पुन्हा खाली आला.

"वाचलास?" सुमेधाने विचारलं.

"पूर्ण. तक्ता तीन दोनदा." त्याने डबा दोन्ही हातांनी धरला होता, जणू सुटला तर शब्दही सुटतील. "मला तू आवडतेस, सुमेधा. हे धक्क्यावरच सांगायचं होतं. पण वाटलं... रोज समोर असतो ना मी, म्हणून दिसत नसेन. शाळेत तसंच होतं. पूर्ण बाकावर बसलेला माणूस कुणाला दिसत नाही."

"मला दिसत होतास," ती म्हणाली. "रोज." आणि आईबाबांच्या समोरच, तिने पुढे होऊन त्याच्या हातातला डबा घेतला. त्याची बोटं जरा वेळ डब्यावरच राहिली, तिच्या बोटांखाली.

कौसल्याबाईंनी घसा साफ केला. डबा तिच्या हातातून काढून घेऊन त्यांनी झाकण उघडलं, आत बघितलं. सुरमईच्या तुकड्या, तांदळाची भाकरी, एका वाटीत जवळ्याची चटणी.

"हात धुऊन घ्या," त्या अनिशला म्हणाल्या. "त्याने काही व्हायचं नाही, तरी धुवा."

त्यांनी दोन्ही खिडक्या उघडल्या आणि चार ताटं मांडली. शामराव सरकून बसले, अनिश आक्रसून बसला, सुमेधा त्याच्या शेजारी. अनिशने आपल्या ताटातली तुकडी अर्धी केली आणि काही न बोलता तिच्या ताटात सरकवली. आज तिने ती खाल्ली. खोली लहान होती, एकमेकांची कोपरं लागत होती आणि वास दोघांचा मिळून दुप्पट झाला होता. तरी कुणीही ताटावरून उठलं नाही.